पार्टीच्या गाडीतली बेलिफ

"आडनाव काय तुझं?"

मी सांगितलं.

"तरीच," तो म्हणाला.

एवढंच बोलला आणि गाडी धुणाऱ्या ड्रायव्हरकडे वळला. "पायरीवर बी मार रं पाणी जरा." पायरीवर मी उभी होते. ड्रायव्हरनं एकदा मालकाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पाइप वळवला. चपला भिजल्या, सलवार पोटरीपर्यंत भिजली. हातातली नोटीस मी उंच धरली. माणूस भिजला तर वाळतो, कोर्टाची नोटीस भिजली तर पुन्हा काढावी लागते. त्या क्षणी मला कागदाचीच काळजी होती. आज आठवलं की माझाच राग येतो.

भर दुपार होती. बारामती-इंदापूर रस्त्याला, अंथुर्ण्याच्या थोडं अलीकडे त्याचा बंगला आहे. तो एका फायनान्स कंपनीचा मालक. फ्रिज, टीव्ही, मोबाइल, शिलाई मशीन, जे मागाल ते हप्त्यावर. मी इंदापूरच्या दिवाणी कोर्टात बेलिफ. कोर्टाचा कागद ज्याचा त्याच्या हातात नेऊन द्यायचा, सही घ्यायची, घेत नसेल तर दारावर चिकटवायचा, आणि काय घडलं ते शपथेवर लिहून कोर्टाला द्यायचं, हे माझं काम. त्या दिवशी कागद त्याच्याच नावाचा होता. कळंबच्या एका बाईनं त्याच्या कंपनीविरुद्ध अर्ज केला होता आणि कोर्टानं त्याला म्हणणं मांडायला बोलावलं होतं.

'तरीच' मी लहानपणापासून ऐकत आले. शाळेत ऐकलं, नोकरी लागल्यावर इंदापुरात भाड्याची खोली शोधताना ऐकलं. त्याला माझ्याकडे उत्तर असतं. कधी तोंडानं देते, कधी नजरेनं. पण पुढे तो जे बोलला त्याला उत्तर नव्हतं.

"आमच्याच गाडीतनं हिंडायचं, आमचीच भजी खायाची, आन् आमालाच कागुद आणायचा? लाज वाटती का?"

मी नोटीस पुढे केली.

"आफिस बारामतीला गेलंय. हितं काय बी न्हाय. तू आपलं लिही, बंगला बंद व्हता म्हणून. तुला काय नवीन हाय व्हय?"

नवीन नव्हतं. पहिला अपमान माझ्या जातीचा होता. तो मी त्याच्या अंगावर परत फेकू शकत होते. दुसरा माझ्या कामाचा होता, आणि तो खरा होता. ओल्या पायरीवर उभी राहून मी तो गिळला.

ते काम कसं चालतं ते सांगते. लपवून काही उपयोग नाही.

परीक्षा देऊन मी बेलिफ झाले. आमच्या अंथुर्ण्याच्या वस्तीतून कोर्टात सरकारी नोकरीला लागलेली मी पहिली बाई. आईनं गल्लीभर साखर वाटली. पहिल्या दिवशी नाझर साहेबांनी, म्हणजे आम्हा बेलिफांच्या वरिष्ठांनी, माझ्यापुढे कागदांचा गठ्ठा ठेवला आणि समजावलं. माणूस वाईट नाही. रिटायरमेंटला आलेला, डब्यातली चटणी सगळ्यांना वाटणारा.

"हे बघा बाई," ते म्हणाले. "सरकार जो भत्ता देतं तो एसटीला पुरत न्हाय, च्याला कुठनं पुरंल? मग काय करायचं? पार्टीची गाडी असली की बसायचं. पार्टी घर बी दाखवती, माणूस बी वळखून देती. एका दिसात दहा कागुद उरकत्यात."

ज्यानं दावा लावला त्याला आम्ही पार्टी म्हणतो. पार्टीची गाडी असली की तिचा कागद गठ्ठ्यात वर जातो. गाडी नसली की खाली. आमच्या खोलीत तसं उघड बोललं जायचं, हा गाडीवाला कागद, हा एसटीवाला. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. मलाही वाटलं नाही. खेड्यातल्या माणसाचा बांधाचा दावा, नवऱ्यानं टाकलेल्या बाईचा पोटगीचा अर्ज, हे सगळे एसटीवाले. ते तळाला पडून राहायचे आणि तारखेवर तारीख घ्यायचे. फायनान्स कंपनीचा कागद कधीच तळाला गेला नाही. आठवड्यातून दोनदा त्यांची पांढरी गाडी कोर्टाच्या फाटकाशी उभी राहायची.

त्या गाडीत कंपनीचा वसुली मॅनेजर असायचा. गोड बोलणारा. मला ताई म्हणायचा. इंदापुरातून निघताना तो पुढे बसायचा, मी मागे. पण गावाची वेस आली की गाडी थांबायची. तो उतरून मागे यायचा आणि मला पुढे बसवायचा. "ताई, तुमी पुढं. मान तुमचा." मी पुढे बसायचे. गळ्यात ओळखपत्र, मांडीवर कोर्टाची पिशवी. गाडी गावात शिरली की माणसं ओट्यावरून उठायची. बायका पदर सावरायच्या. मला बरं वाटायचं. ज्या गावात माझ्या आज्याला वेशीबाहेर चपला काढाव्या लागल्या, तिथं मी काचेमागे बसून जातेय असं वाटायचं.

कितीतरी दिवस मला तो मान वाटला. लोकांना पुढच्या सीटवर सरकार दिसावं म्हणून तो मला पुढे बसवायचा, हे कळायला सहा वर्षं लागली. मी हुशार होते म्हणे शाळेत.

एकटेपण मात्र पहिल्या महिन्यापासून होतं. बेलिफाशी कोण बोलणार? ज्या दारात जाईन तिथं आधी कुजबुज, मग शांतता. भावकीतल्या लग्नात मी मांडवात आले की दोन-तीन जण हळूच उठून मागे जाऊन बसायचे. त्यांच्या घरी कधीतरी मी कागद दिलेला असायचा. ऑफिसात डबा एकत्र खायचो, पण माझी भाजी कुणी मागत नसे. रविवारी खोलीत रेडिओ लावून बसायचे. आईकडे जायचं तर आई विचारायची, "आज कुणाच्या दारात गेलीस गं?" सांगायला जीभ रेटायची नाही. या सगळ्यात ती गाडी तेवढी माझी वाट बघत उभी असायची. खरं सांगते, मला त्याचाही आनंद व्हायचा.

आता कळंबच्या सुमनची गोष्ट. सुमन म्हणजे तीच, जिच्या अर्जाची नोटीस घेऊन मी त्या पायरीवर उभी होते.

सुमन ब्लाऊज शिवते. नवरा पुण्यात सिक्युरिटीला, महिन्यातून एकदा येतो. तिनं त्या कंपनीकडून हप्त्यावर शिलाई मशीन घेतलं. सगळे हप्ते फेडले, पावत्या जपून ठेवल्या. पण हप्ता घ्यायला येणारा माणूस कंपनी सोडून गेला आणि कंपनीच्या खात्यात तिचे शेवटचे हप्ते चढलेच नाहीत. कंपनीनं दावा लावला. कोर्टानं समन्स काढलं. समन्स माझ्या गठ्ठ्यात आलं, अर्थात वरच.

त्या दिवशी आम्ही सकाळपासून फिरत होतो. कळंबच्या फाट्यावर आलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि अजून चार कागद उरले होते. मॅनेजर म्हणाला, "ताई, ही बाई घेत न्हाय. मी कालच जाऊन आलोय. दार लावून घेती. नकार लिवा, आन् पुढं निघू."

गावात जायला दहा मिनिटं लागली असती.

मी गाडीतच, मांडीवर पिशवी ठेवून लिहिलं. 'समक्ष भेटून समन्स देऊ केले असता प्रतिवादी बाईने घेण्यास नकार दिला. सबब घराच्या दर्शनी दरवाजावर चिकटवून बजावणी केली.' पंच म्हणून ड्रायव्हरनं सही केली आणि कंपनीच्या दुसऱ्या माणसानं केली. समन्सची प्रत मॅनेजरनं घेतली, "मी चिकटवतो उद्या" म्हणाला. सुमनचं तोंडही मी पाहिलेलं नव्हतं. खाली माझी सही, शपथेवर.

पहिल्यांदा असं लिहिलं तेव्हा हात अडखळला होता. कळंबच्या वेळेला अडखळला नाही.

समन्स मिळूनही बाई आली नाही असं धरून कोर्टानं एकतर्फी निकाल दिला. कोर्टाची चूक नव्हती. कोर्टापुढे माझा कागद होता. पुढे कंपनीनं जप्तीचं वॉरंट काढलं आणि तेही माझ्याच हातात आलं. त्या दिवशी गाडीच्या मागे टेम्पो होता. सोबत एक पोलीस होता. वेशीवर गाडी थांबली, मी पुढे बसले.

सुमनचं घर विहाराच्या मागच्या गल्लीत. दार सताड उघडं. ती मशीनवर बसली होती. गाडीतून उतरताना तिला आधी मीच दिसले. माझ्या चेहऱ्यावरून म्हणा, कशावरून म्हणा, तिनं ओळखलं.

"जय भीम ताई, या की," ती म्हणाली आणि खुर्चीवरचे कपडे उचलायला लागली.

मी वॉरंट वाचलं. तिला आधी काही समजेना. मग म्हणाली, "मला कोर्टाचा कागुदच आला न्हाय कदी. आला असता तर मी पावत्या घिऊन आली नसती व्हय?" मशीनच्या खणातून तिनं पावत्या काढल्या, रबर लावलेल्या. मॅनेजरनं हात मागे घेतले. "हे आता कोर्टात सांगायचं बाई."

"पर मला बलावलंच न्हाय कुणी."

पोलीस बाहेर बघत होता. मी यादीत बघत होते. माझ्या पिशवीत वॉरंटाच्या मागे निकालाची नक्कल होती आणि निकालात माझ्या रिपोर्टचा हवाला होता. तिला बोलावलं नव्हतं हे तिच्याखेरीज त्या खोलीत दोनच माणसांना माहीत होतं. मॅनेजरला आणि मला. मी बोलले नाही.

सुईखाली कुणाचा तरी हिरवा ब्लाऊज होता, अर्धवट. ती म्हणाली, "एवढी शिवण पुरी करू द्या. उद्या हळदीला घालायचाय तिला." मॅनेजर घड्याळ बघायला लागला. मी म्हणाले, करू द्या. सगळे उभे राहिलो. तिनं शिवण पुरी केली, दातानं दोरा तोडला, ब्लाऊजची घडी घातली आणि बाजूला झाली. टेम्पोतल्या दोघांनी मशीन उचललं. मी पंचनाम्यात लिहिलं, 'शिलाई मशीन एक, पायाचे, चालू स्थितीत.'

परत येताना मॅनेजरनं वाटेत गाडी थांबवून भजी घेतली. मी खाल्ली. त्या मालकानं पायरीवर जे ऐकवलं ते म्हणूनच मला लागलं. भजी खाल्ली होती मी. मिरचीसुद्धा मागून घेतली होती.

पुढे मी पुष्कळदा हिशोब मांडला, पैशाचा नव्हे. फिटलेल्या कर्जाच्या एका शिलाई मशीनसाठी एक न्यायाधीश बसले, दोन कारकुनांनी फायली हलवल्या, एक पोलीस ठाण्यातलं काम टाकून आला, आणि मी गेले. आम्ही सगळे लोकांच्या पैशावर जगतो. सुमन दोऱ्याच्या रिळावर कर भरते, बटणावर भरते, तिच्याही पैशावर. सरकारनं माझं एसटीचं भाडं तेवढं वाचवलं. ते वाचवलं म्हणून कंपनीची गाडी आली, गाडी आली म्हणून कंपनीचा शब्द आला आणि माझ्या सहीनं तो कोर्टाचा शब्द झाला. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय, असं आपण सहज म्हणतो. इथं मी आंधळी नव्हते. मी डोळे उघडे ठेवून दळत होते.

सुमन गप्प बसली नाही. कुणीतरी तिला सांगितलं की इंदापूरच्या कोर्टात गरिबाला फुकट वकील मिळतो. ती आली. वकीलबाई मिळाल्या. एकतर्फी निकाल रद्द करा, मला समन्स मिळालंच नाही, असा अर्ज झाला. कंपनीला नोटीस निघाली आणि ती माझ्या गठ्ठ्यात आली. नाझर साहेब म्हणाले, "कंपनीवर कागुद? ऱ्हाऊ द्या खाली. पडंल तारीख."

त्याच दिवशी सुमन मला व्हरांड्यात भेटली. रिपोर्ट कुणी लिहिला हे तिला तेव्हा माहीत नव्हतं. हळू आवाजात म्हणाली, "ताई, कागुद न्यायला गाडी लागती म्हणं. मी रिक्षा करू का? जमंल तेवढं देती."

कोर्टाचा रिवाज तिला तीन फेऱ्यांत कळला होता. आपल्या न्यायासाठी आपल्याला गाडी करावी लागते, हे तिनं पावसाळ्यात छत्री लागते तितक्या सहज धरलं होतं. मला तिच्यासमोर उभं राहवेना. "रिक्षा नको. मी एसटीनं जाते," म्हणाले आणि निघाले.

बंगल्यावर पहिल्यांदा गेले तेव्हा वॉचमन म्हणाला, साहेब नाहीत. दुसऱ्यांदाही नाहीत. गाडी आत उभी दिसत होती. तिसऱ्या खेपेला वॉचमन जेवायला गेला होता, मी सरळ आत शिरले आणि पायरीपर्यंत पोचले. पुढचं सांगितलंच आहे.

तर ओल्या चपलांनी मी त्या पायरीवर उभी होते आणि मालक सांगत होता, बंगला बंद होता असं लिही. ऑफिस बारामतीला गेलं हा त्याचा डाव मला कळत होता. बारामतीचा पत्ता म्हणजे कागद तिथल्या कोर्टाकडे जाणार, तिथल्या गठ्ठ्यात तळाला पडणार, आणि सुमन वर्षभर दुसऱ्याच्या मशीनवर रोजानं शिवणार. पण कंपनीच्या कागदावर पत्ता याच बंगल्याचा होता.

मी म्हणाले, "नोटीस घेताय की नकार देताय? तेवढं सांगा."

"मी तुला वळखत बी न्हाय," तो म्हणाला आणि आत गेला.

मी पिशवीतून डिंकाची बाटली काढली. दारावर नोटीस चिकटवली. पंच म्हणून सही करायला ड्रायव्हरला विचारलं, त्यानं नकाराची मान हलवली. वॉचमन आला, तोही नाही. बाहेर रस्त्यावर चहाची टपरी होती. टपरीवाल्याला विचारलं. "बाई, माज्या फ्रिजचा हप्ता हाय त्येच्याकडं," तो म्हणाला. बस थांब्यावर दोघं होते, ते चालायलाच लागले. नरसिंहपूरला दर्शनाला निघालेल्या एका जीपमधल्या माणसांना विचारलं, ते देवाचं नाव घेऊन निघून गेले. त्या रस्त्यावर माझ्या बाजूनं सही करायला एक माणूस मिळाला नाही. आधी मला पंच शोधावे लागत नव्हते, गाडीतच असायचे.

परत आत जाऊन मी मोबाइलवर दाराचा फोटो काढला. मी फाटकाबाहेर पडायच्या आत ड्रायव्हरनं कागद ओरबाडून काढला. फाडू दे. फोटो होता. थांब्यावर बसून मी रिपोर्ट लिहिला. काय विचारलं, तो काय बोलला, कोण सही करेना, कागद कुणी फाडला, सगळं. लिहिता लिहिता थांबले.

कारण मला पुढचं दिसलं. सुमन म्हणणार, समन्स मिळालं नाही. कंपनीचा वकील उठणार आणि माझाच जुना रिपोर्ट वाचून दाखवणार. सरकारी बेलिफ, शपथेवर, 'समक्ष भेटून देऊ केले असता'. सुमनच्या शब्दापुढे माझा शब्द. मी कितीही खरं आता लिहिलं तरी ते खोटं तिथं बसून होतं आणि ते मोडणारी मी एकटी होते. मोडलं तर नोकरी जाणार. शपथेवर खोटं लिहिणं हा साधा मेमो नसतो.

इंदापूरची एसटी समोरून गेली. मी बसले नाही. चालत आईकडे गेले.

आई अंगणात शेंगा फोडत होती. मी तिच्या शेजारी बसून सगळं सांगितलं. पायरीवरचं पाणी सांगितलं तेव्हा तिनं फक्त माझ्या चपलांकडे पाहिलं. कळंबच्या फाट्यावरचं सांगितलं तेव्हा तिचा हात थांबला.

"म्हंजी तू तिच्या घरी गेलीच न्हाईस?"

"न्हाय."

"आन् गेली म्हणून लिवलंस?"

"व्हय."

तिनं हातातली शेंग सुपात टाकली. मग म्हणाली, "मला वाचता येत न्हाय म्हणून लोकांनी जल्मभर माजं अंगठं घेतलं. काय लिवलंय ते मला कुणी सांगितलं न्हाय. तुला शिकवलं ते अंगठं घेणाऱ्यांत बसाया व्हय?"

मला रडू आलं. तिनं जवळ घेतलं नाही. शेंगांचं सूप उचलून आत गेली. मला वाटत होतं ती परत बाहेर येईल. आली नाही. मी उठून पुढची एसटी पकडली.

नाझर साहेबांना मी आधी सांगितलं. लपून करायचं नव्हतं. त्यांनी डबा बंद केला.

"बाई, दोन वळीसाठी नोकरी घालवू नगा. तुमी एकट्याच हाय का? समद्यांनी लिवलंय तसं. मी बी लिवलंय तरुणपणी." मग आवाज उतरवून, अगदी आपुलकीनं म्हणाले, "आन् तुमच्या माणसांनी तर जास्तच जपून ऱ्हावं. लोकं काय म्हणतील? बघा, कोट्यातनं आलं, आन् असं करत्यात."

पायरीवरच्या 'तरीच'पेक्षा हे जड होतं, कारण ते प्रेमानं आलं होतं. मी म्हणाले, "साहेब, खोटं लिहिताना मला कुणी कोट्यातली म्हणालं नाही. तेव्हा तर मी हुशार होते. खरं बोलायची वेळ आली की माझी जात कशी निघते?" नंतर त्यांनी मला चटणी दिली नाही.

तारखेला कोर्ट भरलेलं होतं. मालक आला नव्हता, त्याचा वकील आला होता. ठरल्याप्रमाणे त्यानं माझा रिपोर्ट वाचला. सुमन मागच्या बाकावर. रिपोर्टखालचं नाव त्यानं उच्चारलं तेव्हा तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. कोर्टानं मला पिंजऱ्यात बोलावलं. या हॉलच्या दाराशी उभं राहून मी किती जणांची नावं पुकारली असतील. पिंजऱ्याची फळी इतकी अरुंद असते हे माहीत नव्हतं.

"हा अहवाल तुमचा?" न्यायाधीश साहेबांनी विचारलं.

"होय. सही माझी आहे. मजकूर खोटा आहे. मी कळंब गावात गेलेच नव्हते. फाट्यावर, कंपनीच्या गाडीत बसून लिहिला."

साहेबांनी चष्मा काढला. "आपण काय बोलताय आणि त्याचा परिणाम काय होईल, याची कल्पना आहे?"

"आहे, साहेब."

कंपनीचा वकील चपळ. लगेच उठला. मला खोटी पाडली की माझं आताचं बोलणंही खोटं, असा त्याचा बेत. "म्हणजे बाई, तुमचे बाकीचे अहवालही असेच खोटे समजायचे का?"

त्याला वाटलं मी नाही म्हणेन. नाही म्हणायला सोपं होतं. एकच चूक झाली, माफ करा, असं म्हणता आलं असतं. साहेबांच्या चेहऱ्यावरून वाटत होतं की ते ऐकूनही घेतील.

"काही आहेत," मी म्हणाले. "गाडीत बसून लिहिलेले सगळे. कोर्टाला यादी देते."

वकील खाली बसला.

सुमनवरचा एकतर्फी निकाल रद्द झाला, दावा पुन्हा पहिल्यापासून चालणार आहे. मशीन अजून कंपनीच्या गोडाऊनमध्ये आहे. कोर्टाबाहेर मी तिच्याजवळ गेले. ती म्हणाली, "तुमी आपल्यातल्या म्हणून मी तुमाला खुर्ची दिली व्हती." आणि गेली. ती मला माफ करणार नाही. मी तशी अपेक्षाही ठेवत नाही. मशीन उचललं तेव्हा मी तिथंच उभी होते.

मला कारणे दाखवा नोटीस आली आहे. चौकशी लागली आहे. माझी गावं काढून घेतली आणि मला रेकॉर्ड रूममध्ये बसवलं. खिडकी नसलेली खोली, धूळ, उंदरांनी कुरतडलेली, फडक्यात बांधलेल्या जुन्या कागदांची बासनं. शिक्षा म्हणून बसवलं. बेलिफ मंडळी माझ्याशी बोलत नाहीत. त्यांनाही त्यांचे जुने रिपोर्ट आठवत असणार. दुपारी डबा एकटीच खाते. पूर्वी एकटेपणाचं वाईट वाटायचं, आता वाटत नाही असं म्हटलं तर तेही खोटं होईल. वाटतं. संध्याकाळी कुलूप लावताना फार वाटतं.

पण बसवणाऱ्यांनी एक विचार केला नाही. माझे सहा वर्षांचे सगळे रिपोर्ट याच खोलीत आहेत. रोज एक बासन सोडते. माझं अक्षर ओळखू येतं. कुठला रिपोर्ट दारात उभं राहून लिहिला आणि कुठला मांडीवर, ते मला अजून आठवतं. ज्याला बोलावलंच नाही त्याचं नाव, गाव, दाव्याचा नंबर वहीत उतरवते. तरंगवाडी, लासुर्णे, शेळगाव, नरसिंहपूर. एक टीव्ही, एक फ्रिज, एक मोबाइल, एक पिठाची गिरणी. या प्रत्येक घरावर सरकार माझ्या सहीनं चालून गेलं आहे.

काल नाझर साहेब दाराशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "राजीनामा द्या बाई. चौकशी मिटंल, समदी सुटतील." मी त्यांना सांगितलं तेच इथं लिहिते. राजीनामा देणार नाही. माफीही लिहून देणार नाही. तुम्हाला मला काढायचं असेल तर काढा, तो तुमचा अधिकार आहे. पण आधी ही यादी पुरी होईल, तिच्यावर कोर्टाचा शिक्का पडेल आणि ती दप्तरी दाखल होईल. मग काढा.